भैरवीचा बिलावल होऊ नये म्हणून: वर्डमध्ये स्वरलिपी आणि संगीताची चिन्हं कशी टाकायची

आमच्या गाण्याच्या बाईंनी भैरवी रागाचे आरोह-अवरोह, एक सरगम आणि दोन भजनं वहीत लिहून दिली होती. गुरुपौर्णिमेला विद्यार्थ्यांना वाटायची छोटी पुस्तिका करायची होती. टायपिंग माझ्याकडे आलं, कारण वर्गात लॅपटॉप माझ्याकडेच होता. कोमल, म्हणजे थोड्या उतरलेल्या, स्वराखाली आडवी रेष हवी, म्हणून मी अक्षर निवडायचो, कंट्रोल यू दाबायचो आणि पुढे जायचो. स्क्रीनवर झकास दिसत होतं. मग नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात छापायला दिलं. तिथल्या मुलाने मजकूर कॉपी करून आपल्या साच्यात ओतला, फॉन्ट एकसारखा केला आणि पन्नास प्रती काढून हातात दिल्या. एकाही स्वराखाली रेष नव्हती.

बाईंनी पुस्तिका उघडली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "काहून रे, मी तर भैरवी दिली होती. हा बिलावल कुठून आणला?"

खरंच होतं ते. भैरवीत रे, ग, ध, नी चारही कोमल. रेषा गेल्या की चारही शुद्ध होतात आणि सगळे स्वर शुद्ध म्हणजे बिलावल थाट. दोष दुकानातल्या मुलाचा नव्हता. मी रेष अक्षराला दिलीच नव्हती, फक्त नटवली होती. अधोरेखन, रंग, ठळकपणा हे कपडे असतात. मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला की कपडे गळतात, अक्षर तेवढं पोचतं. म्हणून खुणा मजकुरातच, अक्षर म्हणूनच टाकायच्या. पुढचं सगळं त्यासाठी आहे.

आधी पद्धत ठरवा

आपल्याकडे दोन स्वरलिपी चालतात, पंडित भातखंड्यांची आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेष, तीव्र (चढलेल्या) मध्यमावर, म्हणजे म वर, उभी रेष, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब आणि तार (वरच्या) सप्तकाला वर टिंब. पलुस्कर पद्धतीत मंद्राचं टिंब वर येतं आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेष असते. म्हणजे तेच टिंब एकीकडे वर चढवतं आणि दुसरीकडे खाली उतरवतं. तालातही हेच. भातखंड्यांकडे सम (तालाची पहिली मात्रा) × ने आणि 'खाली' (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) शून्याने दाखवतात, पलुस्करांकडे सम १ ने आणि 'खाली' + ने. दोन वह्यांतून उतरवून काढताना हा घोळ फार होतो. म्हणून पहिल्याच पानावर चार ओळींत खुणांचा खुलासा छापा. मी पुढे भातखंडे पद्धतच धरली आहे, कारण आमच्या वर्गात तीच शिकवतात.

दुसरं, फॉन्ट. कृतीदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर खालचं काहीही चालणार नाही. तिथे आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून देवनागरीचा मुखवटा. आधी युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक देणारी पद्धत) रूपांतर करा आणि फॉन्ट निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी ठेवा. नोटो फुकट मिळतो आणि खाली येणाऱ्या दोन्ही रेषा या दोन्ही फॉन्टमध्ये आहेत.

कोमल आणि तीव्र

युनिकोडच्या देवनागरी संचात दोन खुणा वेदपाठासाठी ठेवलेल्या आहेत. एक अक्षराखाली आडवी रेष, दुसरी अक्षरावर उभी रेष. ऋग्वेदाची छापील पोथी पाहिली असेल तर लगेच ओळखाल. युनिकोडने त्यांना अनुदात्त आणि उदात्त अशी नावं दिली आहेत. (ऋग्वेदाच्या छपाईत वरची उभी रेष खरं तर स्वरिताची, पण नावावरून भांडायला आपण इथे बसलेलो नाही.) भातखंड्यांना हव्या असलेल्या रेषा नेमक्या याच दोन. देवनागरी संचातल्याच असल्यामुळे त्या अक्षराखाली किंवा अक्षरावर बरोबर बसतात, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या तरी टिकतात आणि शोधायला गेलं तर सापडतातही.

आडव्या रेषेचा संकेतांक ०९५२, उभ्या रेषेचा ०९५१. मी इथे देवनागरी आकडे लिहिले आहेत, पण टाइप करताना ते इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. विंडोज की आणि स्पेस एकत्र दाबली की कीबोर्ड बदलतो.

भैरवीचा कोमल रे असा काढा. मराठी कीबोर्डवर रे टाइप करा. स्पेस देऊ नका. कीबोर्ड इंग्रजी करून रे ला चिकटूनच ०९५२ टाका आणि लगेच आल्ट धरून एक्स दाबा. आकडे गायब होतात आणि रे चा रे॒ होतो. तीव्र मध्यमासाठी म ला चिकटून ०९५१ टाकून आल्ट एक्स दाबा, म॑ मिळतो. लिबर ऑफिस रायटरमध्येही हीच कळजोडी चालते. रेष अक्षराखाली न बसता बाजूला पडली तर घाबरू नका. बहुधा अक्षराचा फॉन्ट एक आणि रेषेचा दुसरा झालेला असतो. पूर्ण स्वर निवडून एकच फॉन्ट द्या.

आता पूर्ण आरोह: सा रे॒ ग॒ म प ध॒ नि॒ सां. हाच मजकूर कुठेही चिकटवून बघा, रेषा सोबत येतात.

ज्यांना अजूनही अधोरेखनच सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी एक सवलत. कंट्रोल यू ऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि डब्ल्यू दाबा. त्याने फक्त शब्द अधोरेखित होतात, मधली जागा सुटते. नाहीतर रे आणि ग च्या खाली एकच सलग रेष येते आणि ती मात्रेची (तालाच्या ठोक्याची) खूण आहे की कोमलाची हे वाचणाऱ्याला कळत नाही. घरी भिंतीवर लावायच्या कागदाला हे चालेल. दुसऱ्याच्या हातात जाणाऱ्या फाईलला नाही.

मंद्र आणि तार

तार सप्तकाच्या टिंबासाठी अनुस्वार वापरा: सां, रें, गं. शुद्धतावादी म्हणतील, अनुस्वार हा उच्चार आहे, खूण नव्हे. बरोबर आहे त्यांचं. पण दिसतं तेच, चालतं सगळीकडे आणि सां ला सां म्हणून गाणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

मंद्रासाठी नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो इंग्रजी पी च्या उजवीकडच्या दुसऱ्या कळीवर आहे. तिथे सापडला नाही तर आल्ट एक्सची तीच युक्ती, संकेतांक ०९३ आणि त्याला चिकटून इंग्रजी सी. इथे क्रम महत्त्वाचा आहे. नुक्ता व्यंजनाला चिकटतो, म्हणून आधी व्यंजन, मग नुक्ता, मग काना किंवा वेलांटी. न, नुक्ता, ऱ्हस्व वेलांटी: ऩि. यमनची सुरुवात अशी लिहिता येते: ऩि रे ग म॑ ध नि सां.

टिंब आणि रेष दोन्ही लागतात तेव्हा रेष नेहमी शेवटी. मंद्र कोमल नी म्हणजे न, नुक्ता, वेलांटी, मग आडवी रेष. तार सप्तकातला तीव्र मध्यम म्हणजे म, अनुस्वार, मग उभी रेष. क्रम उलटा झाला की काही फॉन्ट रेषेच्या जागी ठिपक्यांचं एक गोल वर्तुळ दाखवतात. ते वर्तुळ दिसलं की समजायचं, माल बरोबर आहे पण भरताना क्रम चुकला.

दर वेळी संकेतांक कोण टाकणार?

कोणीच नाही. एकदाच कष्ट करा. नवीन फाईल उघडून त्यात सगळे स्वर एकदा नीट काढून ठेवा: शुद्ध, कोमल, तीव्र, मंद्र, तार. मग वर्डला त्यांची छोटी नावं शिकवा. स्वर निवडा, फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग आणि तिथून ऑटोकरेक्ट ऑप्शन्स उघडा. निवडलेला स्वर 'विथ'च्या चौकटीत आपोआप आलेला असतो. 'रिप्लेस'मध्ये नाव लिहून 'अ‍ॅड' दाबा.

नावं इंग्रजी अक्षरांत ठेवली की हात भरभर चालतो, पण इंग्रजीत खरोखर येणारा शब्द नको. मी प्रत्येक नावाच्या आधी क्यू लावतो. क्यू-आर म्हणजे रे, क्यू-आर-के म्हणजे कोमल रे, क्यू-एम-टी म्हणजे तीव्र म. क्यूने सुरू होणारं एवढं छोटं काही आपण एरवी लिहितच नाही. स्पेस दिली की स्वर उमटतो. एक खोच आहे: वर्डची ही यादी भाषेनुसार वेगळी असते. इंग्रजीत साठवलेलं नाव मराठी कीबोर्ड चालू असताना कधी कधी ढिम्म हलत नाही. सरगम टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीच ठेवा.

गुगल डॉक्समध्ये हेच काम टूल्स, प्रेफरन्सेस आणि सब्स्टिट्यूशन्स इथे होतं. फोनवर काम करणाऱ्यांनी स्वरांचा तो साठा स्वतःलाच एका संदेशात पाठवून ठेवावा आणि तिथून उचलावा.

जाता जाता आणखी एक. वर्ड प्रत्येक स्वराखाली लाल नागमोडी रेष काढत बसतो आणि कोमलाची रेष कोणती तेच दिसेनासं होतं. सगळा मजकूर निवडून रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज इथे जा आणि स्पेलिंग तपासू नको असं सांगा.

ताल: स्पेस मारू नका, तक्ता करा

स्पेस मारमारून मात्रा एकाखाली एक आणण्याचा प्रयत्न मी दोन रात्री केला आहे. रे॒ आणि म यांची रुंदी सारखी नसते, म्हणून ते कधीच जुळत नाही. तक्ताच हवा.

तीनतालाचं उदाहरण घ्या. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. पान आडवं करा. ए-फोर आडवा धरला की रुंदी २९७ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना वीस-वीस सोडले तर २५७ उरतात, म्हणजे एका मात्रेला साधारण सोळा मिलिमीटर. तेवढ्यात १४ पॉइंटचे दोन-तीन स्वर आरामात बसतात. सोळा रकाने आणि तीन ओळींचा तक्ता घाला. पहिल्या ओळीत स्वर, दुसरीत शब्द, तिसरीत तालाच्या खुणा. टेबल प्रॉपर्टीजमधल्या ऑप्शन्समध्ये रकान्याची डावी-उजवी मोकळी जागा ०.१९ सेंटिमीटर असते, ती ०.०५ वर आणा आणि मजकुराप्रमाणे रकाने आपोआप ताणण्याची खूण काढून टाका. हे राहिलं तर एखादी लांब तान आली की तिचा रकाना फुगतो आणि बाकीचे पंधरा आकसतात. मग सगळे रकाने निवडून डिस्ट्रिब्यूट कॉलम्स दाबा. शेवटी चौथ्या, आठव्या आणि बाराव्या रकान्याची उजवी कड जाड करा, बाकीच्या उभ्या कडा पुसा. विभाग लगेच डोळ्यांत भरतात.

खुणा: पहिल्या मात्रेखाली ×, पाचवीखाली २, नववीखाली ०, तेरावीखाली ३. समेला इंग्रजी एक्स टाकू नका, तो खाली झुकलेला दिसतो. खरा गुणाकार आल्ट धरून आकड्यांच्या कळफलकावर ०२१५ दाबला की मिळतो. झपताल असेल तर दहा रकाने आणि विभाग २-३-२-३, रूपक असेल तर सात आणि ३-२-२. रूपकात समेवरच 'खाली' असते, तिथे आपले गुरुजी जी खूण लिहितात तीच ठेवा.

स्वर लांबवायची आडवी रेघ रकान्यात पहिलीच टाकून स्पेस दिली की वर्डला वाटतं तुम्ही यादी करताय आणि तो त्या रेघेची यादीची खूण करून टाकतो. लगेच कंट्रोल झेड दाबा. किंवा कंट्रोल धरून आकड्यांच्या कळफलकावरची वजाबाकीची कळ दाबा, थोडी लांब रेघ येते आणि ती यादी होत नाही. शब्द लांबवायला अवग्रह: रा ऽ ऽ म. तो कीबोर्डवर सापडला नाही तर संकेतांक ०९३ आणि चिकटून इंग्रजी डी, पुन्हा आल्ट एक्स. इंग्रजी एस टाकून काम भागवलेल्या पुस्तिका मी पाहिल्या आहेत. पुढे कोणी फॉन्ट बदलला की तिथे खरोखरचा एस उगवतो.

मात्रेची चंद्रकोर, मींड, कण

इथे वर्ड थोडा अडतो. एका मात्रेत दोन-चार स्वर असले की भातखंडे पद्धतीत त्यांच्याखाली चंद्रकोर काढतात. ड्रॉइंगमधली कमान काढून ती स्वरांखाली ठेवता येते, पण वर एक ओळ वाढवली की कमान तिथेच राहते आणि स्वर खाली घसरतात. मी कमान हे अक्षरच वापरतो. आल्ट धरून आकड्यांच्या कळफलकावर ८२५५ दाबलं की ‿ येतं. स्वरांच्या ओळीखाली तक्त्यात एक बारीक ओळ वाढवायची, तिथे हे ठेवायचं आणि फॉन्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमधल्या 'स्केल'मध्ये १५० किंवा २०० टक्के करायचं. उंची तीच राहते, रुंदी वाढते. मींडेसाठी (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी) वरच्या बाजूला तशीच ओळ आणि ९१८० ने येणारं ⏜. दोन मात्रांवरून जाणारी मींड असेल तर ते दोन रकाने त्या ओळीत एकत्र करा.

खरं सांगायचं तर तक्त्यात रकाना हीच मात्रा असल्यामुळे चंद्रकोर नसली तरी वाचता येतं. परीक्षेला द्यायचं असेल तर काढा, घरच्यासाठी एवढी हौस नको.

कण स्वर, म्हणजे मुख्य स्वराआधी ओझरता लागणारा स्वर, सोपा. लहान स्वर आधी, मुख्य स्वर नंतर. लहान स्वर निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि अधिकची कळ दाबली की तो वर सरकतो.

या सगळ्या वर-खालच्या खुणांमुळे ओळींमधलं अंतर कमी-जास्त होतं. परिच्छेदाच्या लाइन स्पेसिंगमध्ये 'एक्झॅक्टली' निवडा आणि १४ पॉइंटच्या मजकुराला २६ द्या. फार कमी दिलंत तर तार सप्तकाची टिंबं छाटली जातात, म्हणजे पुन्हा वेगळीच पंचाईत.

शार्प, फ्लॅट आणि पट्टी

कार्यक्रमपत्रिकेत गायकाची पट्टी लिहायची वेळ येते. हार्मोनियमवाला 'काळी एक' म्हणतो, कीबोर्डवाला 'सी शार्प'. दोघांसाठी दोन्ही छापा: काळी १, सी♯. काळी २ म्हणजे डी♯, काळी ५ म्हणजे ए♯, तोच बी♭. पांढरी ४ म्हणजे एफ, तिथे चिन्हाची गरजच नाही.

शार्पच्या जागी फोनच्या कळांवरची जाळी (#) टाकू नका. जाळीच्या आडव्या रेषा सरळ असतात, शार्पच्या आडव्या वर चढत्या आणि उभ्या सरळ. पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच ओळींवर बसल्यावर आडव्या रेषा त्या ओळींत मिसळू नयेत म्हणून त्या तिरप्या. फ्लॅटसाठी इंग्रजी बी सुद्धा नको. वर्डमध्ये आल्ट धरून आकड्यांच्या कळफलकावर ९८३७ म्हणजे ♭, ९८३८ म्हणजे ♮, ९८३९ म्हणजे ♯. कळफलक वेगळा नसेल तर इन्सर्ट, सिम्बॉल, मोअर सिम्बॉल्स उघडा, फॉन्ट सेगो यूआय सिम्बॉल निवडा आणि तिथून घ्या.

आल्ट एक्स वापरत असाल तर शार्पचा संकेतांक २६६ आणि इंग्रजी एफ, फ्लॅटचा २६६ आणि इंग्रजी डी. इथे एक खड्डा आहे. इंग्रजी बी ला चिकटूनच फ्लॅटचा संकेतांक टाकला तर वर्ड बी लाही संकेतांकाचाच भाग समजतो, कारण ए ते एफ ही अक्षरं या आकडेमोडीत आकडेच असतात. मग भलताच चौकोन येतो. आल्ट एक्स दाबण्याआधी फक्त शेवटची चार चिन्हं निवडा. आपल्या रे आणि म ला हा त्रास नाही, देवनागरी अक्षर तिथे आपोआप कुंपण घालतं.

सजावटीला ♪ हवं असेल तर आल्ट आणि १३, ♫ साठी आल्ट आणि १४. ट्रेबल क्लेफसारखी मोठी चिन्हं युनिकोडच्या वेगळ्या संगीत विभागात आहेत, ती नेहमीच्या फॉन्टमध्ये नसतात आणि चौकोन दिसतो. नोटो म्युझिक किंवा ब्राव्हुरा टेक्स्ट हे फुकट फॉन्ट बसवले की काम होतं. पाच ओळींवरचं पूर्ण नोटेशन मात्र वर्डमध्ये करू नका. म्यूझस्कोर फुकट आहे. तिथे लिहा, चित्र म्हणून बाहेर काढा आणि वर्डमध्ये घाला.

दुकानात नेताना

वर्डची फाईल नेऊ नका, पीडीएफ न्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातात. दुकानदार वर्डच मागत असेल तर फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे फॉन्ट फाईलमध्ये बांधायची खूण करा आणि तरीही पीडीएफ सोबत ठेवा. मिळवून बघायला ती लागते.

पहिली एकच प्रत काढायला सांगा आणि त्यातली भैरवीची ओळ उघडा. आरोहात चार रेषा, अवरोहात चार. सां वरचं टिंब. मग यमनच्या ओळीत म वरची उभी रेष आणि ऩि खालचं टिंब. एवढं बोट ठेवून मोजलं की बाकीच्या प्रती काढायला सांगा. आमची दुसरी खेप बाईंनी काउंटरवर उभं राहून स्वतः मोजली. पेन्सिलने प्रत्येक कोमलावर बारीक टिंब देत गेल्या, आठ भरले, मग अवरोह हलकेच गुणगुणला आणि मुलाला म्हणाल्या, "काढ आता पन्नास."